टक्का नको, यादी बघा!

परवा संध्याकाळी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची बैठक झाली. विषय होता मतदार जागृती. ठरलं काय, तर सोसायटीच्या फाटकापाशी रांगोळी, शाळेतल्या मुलांची फेरी, सगळ्यांनी हात पुढे करून शपथ, आणि मतदानाच्या दिवशी शाई लावलेल्या बोटांचे फोटो. एक गृहस्थ तावातावानं उठून म्हणाले, "पुणेकरांना लाज वाटली पाहिजे! तिकडे गडचिरोलीचे लोक रानावनातून चालत जाऊन मत देतात, आणि आपण सुट्टी मिळाली की लोणावळा गाठतो!" टाळ्या पडल्या.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. का नाही, ते तिथं सांगायला सुरुवात केली तोवर चहा आला आणि विषय संपला. म्हणून इथं लिहितेय.

आकडे खोटे नाहीत. २०२४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के मतदान झालं आणि पुण्यात ५४ टक्केही नाही. दक्षिण मुंबई नि कल्याण तर पन्नाशीत अडकले. पण मंडळी, टक्का म्हणजे शेवटी अपूर्णांक. पाचवीच्या मुलांकडून मी वर्षानुवर्षं एकच गोष्ट घोकून घेतली, की वर अंश, खाली छेद, आणि छेदाकडे बघितल्याशिवाय अंशाबद्दल बोलायचं नाही. आपले सगळे जागृतीवाले अंशावर तुटून पडतात. छेदात कोण आहे, हे कुणी बघत नाही.

आमच्याच घराचं सांगते. २०२४ च्या यादीत आमच्या पत्त्यावर तीन नावं होती. एक माझं. दुसरं आमच्या ह्यांचं. ते २०१९ मध्ये गेले. तिसरं मुलाचं. त्यानं कॅनडाचं नागरिकत्व घेऊन बरीच वर्षं झाली, म्हणजे त्याचा इथला हक्क केव्हाच संपला. मी सकाळी साडेसातला जाऊन मत देऊन आले. तरी आमच्या घराचं मतदान किती? ३३ टक्के! लाज वाटायला हवी ती मला. नाही का?

चूक माझीही आहे, ती लपवत नाही. ह्यांचा मृत्यूचा दाखला मी बँकेत दिला, पेन्शनच्या कचेरीत दिला, गॅसवाल्याकडे दिला. मतदार यादी तेव्हा सुचलीच नाही. पुढे सुचली, पण यादीत आमची दोघांची नावं एकाखाली एक छापलेली. ते नाव खोडायचा अर्ज आपल्याच हातानं भरावासा वाटेना. शेवटी गेल्या वर्षी नमुना ७ भरला, दोन्ही नावांसाठी. नावं निघाली, आणि आता आमच्या घराचा टक्का थेट शंभर होणार! एकही मत न वाढता.

बिहारमध्ये मोठ्या प्रमाणावर असंच काहीसं झालं. २०२५ मध्ये तिथं याद्यांची विशेष फेरतपासणी झाली आणि ७ कोटी ८९ लाखांची यादी ७ कोटी ४२ लाखांवर आली. विधानसभेचं मतदान २०२० मध्ये ५७ टक्के होतं, ते ६७ झालं. मतं खरोखरच वाढली, हे मान्य. पण त्या दहा टक्क्यांतला काही भाग छेद आटल्याचा आहे, हेही मान्य करायला हवं. आणि नावं खोडणं ही काही निरुपद्रवी गोष्ट नव्हे. मसुदा यादीतून गळलेली ६५ लाख नावं कारणांसह जाहीर करा, असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. टक्का वाढवायचा सगळ्यात सोपा मार्ग खोडरबर आहे. म्हणून मला टक्क्याची भीती वाटते.

आता उलट बाजू. जे छेदातच नाहीत त्यांचं काय?

माझं पहिलं मत १९७२ च्या विधानसभेला. तेव्हा एकवीस पूर्ण लागत, अठराचे झाले ते १९८९ पासून. पुढे १९७५ ला लग्न होऊन मी पुण्याला आले. आणि आली १९७७ ची निवडणूक! आणीबाणीनंतरची. घरात, शाळेच्या शिक्षकखोलीत दुसरा विषय नव्हता. मी साडी नेसून केंद्रावर गेले, तर यादीत नाव नाही. नाव माहेरी राहिलेलं. आयुष्यातली सगळ्यात मोठी निवडणूक मी शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहून पाहिली. मी आळशी होते का? लोणावळ्याला गेले होते का? त्या टक्क्यात मी गैरहजर म्हणूनसुद्धा मोजली गेले ती माहेरच्या गावात!

बायकांचं हे दुखणं तर पहिल्या निवडणुकीपासूनचं. १९५१-५२ च्या वेळी कितीतरी बायकांनी आपलं नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची मुलगी' असं लिहवून घेतलं होतं. सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त होते. अशी नोंद चालणार नाही, असं त्यांनी ठरवलं आणि सुमारे २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या. त्यांना तेव्हा रांगोळी नको होती. कुणीतरी दारात बसून नाव विचारायला हवं होतं.

आज ती बाई माझ्या स्वयंपाकघरात आहे. आमच्याकडे कामाला येणारी ताई अकरा वर्षं पुण्यात राहते. नाव मात्र नांदेड जिल्ह्यातल्या गावी. मतदानाच्या दिवशी आपण सगळे घरी, म्हणून तिला काम दुप्पट. गावी जायचं तर दोन दिवसांची मजुरी आणि गाडीभाडं. तिला वाटत होतं, स्वतःचं घर नाही तर इथं नाव कसं लागेल? कायदा म्हणतो नेमकं उलट. घराची मालकी असली म्हणून कुणी तिथला मतदार ठरत नाही, नेहमीचं राहणं कुठं हे बघायचं. अहो, फुटपाथवर झोपणाऱ्याचंही नाव लागतं. केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं रात्री जाऊन माणूस तिथंच झोपतो ना, एवढी खात्री करायची. पण हे तिला सांगणार कोण? शपथेत हे नसतं.

तुम्ही म्हणाल, लोणावळ्याला जाणारे खरंच असतात की. असतात! पण ते शपथेनं थांबत नाहीत, नि टोमण्यानंही नाही. त्यांच्या नादी लागून आपण मत द्यायची इच्छा असलेल्याला विसरतो. गडचिरोलीत लोक चालत जातात, त्यांना माझा नमस्कार. पण तिथं माणूस जिथं राहतो तिथंच बहुतेक त्याचं नाव असतं. शहरात माणूस दर अकरा महिन्यांनी घर बदलतो आणि नाव मागे राहतं. हा नीतीचा प्रश्न नाही, कारकुनीचा आहे. आणि कारकुनी कंटाळवाणी असते, तिचा फोटो निघत नाही.

केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना शिव्या देऊन उपयोग नाही. त्यातले बहुतेक शिक्षक नि अंगणवाडीताई. मी स्वतः यादीचं काम केलंय. भर उन्हात चार जिने चढायचे आणि दाराच्या फटीतून ऐकायचं, "आत्ता वेळ नाही, उद्या या." तो उद्या कधी येत नाही. आणि हेच लोक मतदानाच्या दिवशी नाव नाही म्हणून टेबल ठोकतात.

एप्रिल २०१४ ला पुण्यात तेच झालं. कित्येकांची नावं गायब, रस्त्यावर निदर्शनं, शेवटी निवडणूक आयोगाला महाराष्ट्रातल्या मतदारांची माफी मागावी लागली. पण उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते. नंतर माफी मिळते, मत मिळत नाही.

तेव्हा संघाला माझं म्हणणं असं. रांगोळी काढा, हरकत नाही. पण ती शेवटच्या दिवशी. त्याआधी चार महिने, आपल्या भागाची यादी छापून घ्या आणि दोघादोघांनी घरोघर जा. नवीन नावाला नमुना ६, पत्ता बदलला असेल किंवा चूक असेल तर नमुना ८. १८ पूर्ण व्हायला आता एकच १ जानेवारी धरत नाहीत. एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या पहिल्या तारखाही चालतात. नमुना ७ मात्र फक्त घरच्यांनी भरायचा, आपण परस्पर कुणाला खोडायचं नाही. शेजारच्या वस्तीत आधी जायचं, आपल्या इमारतीत नंतर. आणि कुणाला मत देणार, हे चुकूनही विचारायचं नाही.

परदेशातल्या भाचरांनो, तुमच्याकडे अजून भारताचा पासपोर्ट असेल तर नमुना ६ अ तुमच्यासाठी आहे. मत द्यायला मात्र इथं यावं लागतं. त्या निमित्तानं मावशीकडे या.

ताईचा नमुना ८ आम्ही दोघींनी मिळून भरला. 'पूर्ण नाव' या रकान्यापाशी ती थांबली आणि म्हणाली, "माझंच लिहायचं ना?"

पुढची बैठक रविवारी आहे. यादी मी घेऊन जाणार आहे. चहा नंतर.