करून पाहा : टोकं कशी धरली?

दोस्तांनो, पुस्तकांचे सारख्या उंचीचे दोन गठ्ठे २० सेंटिमीटर अंतरावर ठेवा. त्यांवर प्लास्टिकची फूटपट्टी आडवी टेकवा आणि मधोमध चार-पाच नाणी ठेवा. वाकली ना? आता पट्टीच्या दोन्ही टोकांवर, गठ्ठ्याच्या काठापर्यंत, जाडजूड पुस्तकं ठेवा. पट्टी तीच, नाणी तीच, पण बाक कमी! टोकं अगदी पक्की जखडली, तर मधल्या वजनाने पडणारा बाक फक्त एकचतुर्थांश उरतो.

पूल बांधण्याआधी इंजिनियर त्याची अशीच परीक्षा कॉम्प्युटरवर घेतात. पण टोकं नुसती टेकली आहेत की जखडली आहेत, हे कॉम्प्युटरला आपणच सांगावं लागतं. काहीच सांगितलं नाही, तर त्याच्या लेखी पूल हवेत तरंगतो आणि हिशेब अडतो. ही चूक लगेच कळते. पण टेकलेल्या टोकांना ‘जखडलेली’ म्हटलं, तर तो बिनतक्रार उत्तर देतो. पडद्यावर पूल ताठ, प्रत्यक्षात मात्र चांगलाच वाकणारा! खरी धोक्याची चूक हीच, बरं का!

आता एकच टोक जखडा, दुसरं नुसतं टेकू द्या. बाक किती पडेल? आधी अंदाज वहीत लिहा, मग मोजा!