टोपीची पिन, मुद्गल आणि कायद्याची फूटपट्टी

#थ्रेड

१/ स्त्रियांच्या स्वसंरक्षणाचा विषय निघाला की उपदेशकांची दाटी होते: पर्समध्ये मिरचीपूड ठेवा, कराटे शिका. हा उपदेश ज्यांनी आधीच आचरणात आणला होता, त्यांचे पुढे काय झाले हे सांगायला कोणी थांबत नाही. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची अमेरिका आणि ब्रिटन त्यासाठी पाहावे.

२/ त्या काळी रुंद हॅट केसांत पक्की बसवण्यासाठी लांब पिन लागे. काही पिना फूटभर लांब असत. १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर, भरलेल्या घोडागाडीत एका वयस्क गृहस्थाने शेजारच्या तरुणीच्या पाठीमागून हात टाकला. तिने पिन उपसली आणि त्याच्या हातात खुपसली. अशा बातम्या मग इतर शहरांतूनही येऊ लागल्या.

३/ १९१० मध्ये शिकागोच्या नगरपरिषदेने बंदोबस्त केला. कोणाचा? पिनेचा! हॅटबाहेर अर्ध्या इंचाहून अधिक डोकावली तर ५० डॉलरपर्यंत दंड. पिनेच्या टोकाने सहप्रवाशांना इजा होई, हे खरेच. पण ती टोकावर टोपण बसवूनही टळली असती. छेडछाड सिद्ध करायची तर स्त्रीने तक्रार करावी, न्यायालयात उभे राहावे, उलटतपासणी सोसावी. पिनेचा गुन्हा सिद्ध करण्यास फूटपट्टी पुरे.

४/ लंडनमध्ये तर अंगावर पडणारा हात पोलिसाचाच होता. १८ नोव्हेंबर १९१० रोजी मताधिकारासाठी संसदेवर गेलेल्या सुमारे ३०० स्त्रियांना पोलिसांनी आणि बघ्यांनी कित्येक तास झोडपले. अनेकींचा विनयभंग झाला. गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी सार्वजनिक चौकशी नाकारली.

५/ पाच फुटांहूनही कमी उंचीच्या एडिथ गॅरड या चळवळीतील स्त्रियांना जुजुत्सू शिकवीत. धिप्पाड प्रतिस्पर्ध्याचा जोर त्याच्यावरच उलटवणारी ही जपानी विद्या. 'पंच' साप्ताहिकाने १९१० मध्ये त्यावर व्यंगचित्र छापले. ते आजही गंमत म्हणून फिरते, नोव्हेंबरच्या त्या मारहाणीविना.

६/ १९१३ मध्ये 'मांजर-उंदीर' नावाने कुप्रसिद्ध झालेला कायदा आला. उपोषणाने खंगलेल्या कैद्याला सोडायचे, प्रकृती सुधारली की पुन्हा पकडायचे. एमेलिन पँकहर्स्ट यांना या फेरअटकेपासून वाचवण्यासाठी सुमारे ३० स्त्रियांचे रक्षकदल उभे राहिले. शिक्षिका अर्थात गॅरड. या स्त्रिया झग्याखाली 'इंडियन क्लब' लपवीत. हे आपल्या तालमीतल्या मुद्गलाचेच विलायती भावंड! ब्रिटिश फौजेने हिंदुस्थानात पाहून उचललेले हे व्यायामसाधन एव्हाना इंग्लंडच्या व्यायामशाळांत रुळले होते.

७/ ९ मार्च १९१४, ग्लासगो, सेंट अँड्र्यूज हॉल. व्यासपीठाच्या फुलांच्या सजावटीत काटेरी तार दडवलेली. पँकहर्स्ट बोलू लागल्या आणि पोलीस दंडुके उगारून घुसले. कुंड्या आणि खुर्च्या भिरकावल्या गेल्या, मुद्गल चालले. अखेर पँकहर्स्ट यांना अटक झालीच. त्या हकिकतीत तारेचे नि मुद्गलांचे वर्णन अजूनही रंगते. उपोषणांनी खंगलेल्या पंचावन्न वर्षांच्या वक्तीला नेण्यास पोलिसांची एवढी फौज कशाला लागली, एवढे त्या रंगवणाऱ्यांनी सांगावे.