अणू, रेणू आणि प्रकाश

भारतीय भाषांची जवळीक तत्सम शब्दांच्या आधारे सिद्ध करण्याची आपल्या अभ्यासकांना सवय जडली आहे. हा आधार किती फसवा ठरू शकतो, याचे एक उदाहरण साहित्याबाहेर, भौतिकशास्त्रात सापडते. मराठीत ‘अणू’ म्हणजे मूलद्रव्याचा लहानात लहान कण. अणूंच्या संयोगाने होतो तो ‘रेणू’. हिंदी, बंगाली व गुजराती यांत पहिल्यास ‘परमाणु’ म्हणतात आणि ‘अणु’ हे नाव दुसऱ्यास देतात. शब्द एकच, परंतु अर्थ एक पायरी सरकलेला.

हा भेद केवळ कोशकारांचा नव्हे. प्रकाशामुळे लहान रेणूंतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, ही घटना पाहावी. हायड्रोजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन सोडविण्यास सुमारे १५.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. दृश्य प्रकाशाच्या एका कणापाशी साडेतीनही नसते. म्हणून जंबुपार किरण हवेत. हेलियमच्या दिव्यातील २१.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा कण शोषला गेला, की उरलेली ऊर्जा इलेक्ट्रॉन गतिरूपाने घेऊन जातो. हायड्रोजनच्या एकट्या अणूच्या बाबतीत हिशेब येथेच संपला असता. रेणूत मात्र मागे राहिलेली जोडी कंप पावते आणि त्या कंपनाचा वाटा इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेतून वजा होतो. शिवाय रेणूला केंद्रे दोन. इलेक्ट्रॉनचा तरंग दोहोंपासून निघतो व त्या दोन तरंगांचे व्यतिकरण होते, असे कोहेन आणि फॅनो यांनी १९६६ साली दाखविले. एका केंद्रावरून दुसऱ्यावर पोहोचण्यास प्रकाशाला लागणारा वेळही फ्रँकफुर्टच्या संशोधकांनी २०२० साली मोजला: २४७ झेप्टोसेकंद. झेप्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाच्या अब्जांशाचा हजारावा भाग.

आता हिंदीतून मराठीत येणाऱ्या अनुवादकाने ‘अणु’ तसाच ठेवला तर काय होईल? वाक्य शुद्ध राहील, आणि दोन केंद्रांची ही सारी कथा एका केंद्रात बुडून जाईल. चूक कोणाच्या नजरेसही येणार नाही, कारण शब्द ओळखीचा आहे. परका शब्द वाचकाला थांबवितो. ओळखीचा शब्द त्याला निर्धास्तपणे चुकवितो.

यावर सर्व भाषांना एकच परिभाषा लावावी, असा उपाय सुचविला जातो. केंद्रीय शब्दावली आयोगाची स्थापना १९६१ साली झाली, तीही एकसूत्रतेच्या अपेक्षेने. प्रस्तुत लेखकास मात्र मराठीने ‘रेणू’ सोडावा असे वाटत नाही. झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगताना दिसणारा धूलिकण आपल्या परंपरेत ‘त्रसरेणु’ म्हणून ओळखला जातो. प्राचीनांना आजचे विज्ञान अवगत होते, असा याचा अर्थ नव्हे. शब्दाला स्वतःची स्मृती असते, एवढाच त्याचा अर्थ, आणि ती एका परिपत्रकाने पुसणे हा तोटाच होय.

तेव्हा एकरूपतेपेक्षा सावधपणा बरा. द्विभाषिक कोशांनी अशा सरकलेल्या शब्दांची वेगळी नोंद करावी आणि अनुवादकाने पहिल्याच उल्लेखात अर्थ बांधून घ्यावा. तौलनिक अभ्यासकानेही साम्य दिसताच समाधान मानू नये. खरे काम तेथून पुढे सुरू होते.