न भुंकणारा हेम्प

मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांच्या ब्रिटनमधील स्पर्धांचा आरंभ १८७३ साली वेल्समधल्या बाला येथे जमीनदार लॉइड प्राइस यांनी केला, असे मानतात. मला हे श्रेय अर्धेच वाटते. प्राइस यांनी मैदान दिले. कुत्रा दिला तो नॉर्थम्बरलंडच्या ॲडम टेल्फर यांनी. मोकळ्या स्वभावाचा रॉय आणि बुजरी, रोखून पाहणारी मेग यांच्यापोटी १८९३ मध्ये जन्मलेला हेम्प दबा धरून, निव्वळ नजरेने कळप हलवी.

ही शिकाऱ्याची चाल रक्तातलीच. कळपाला वळसा घालून धन्याच्या समोरच्या बाजूस जाणेही उपजत. शिकवायचे ते मुख्यतः थांबणे; तेही झेपेची ऊर्मी ऐन भरात असताना, एका शिळेवर. तरीही प्रेक्षक 'आज्ञाधारकपणा'चेच कौतुक करतात, हे खटकते. टेकडीआड धनी दिसेनासा झाला की निर्णय कुत्र्यालाच घ्यावा लागतो.