पंधरा वर्षे साथ देणारी गाडी

दुकानासाठी काटा घ्यायचा असो की गिरणीसाठी मोटर, व्यापारी घरातील खरेदी सहसा डोळसपणे होते. यंत्र कोणाचे, त्याचे सुटे भाग गावात मिळतात का, बिघडले तर मिस्त्री कोण, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय पैसे मोजले जात नाहीत. मात्र अठरा-वीस लाखांची गाडी पुष्कळदा एखाद्या रविवारी, शोरूममधील झगमगाटात आणि मुलांच्या आग्रहापुढे मान तुकवून ठरते. छताची काच उघडते का आणि पडदा किती इंची आहे, यावर तासभर चर्चा होते. इंजिन कोणत्या जातीचे आहे, हे विचारायचे राहून जाते. घर आणि दुकान यांच्याखालोखाल कुटुंबाची मोठी रक्कम जिच्यात गुंतते, त्या वस्तूच्या बाबतीत हा उतावळेपणा महाग पडतो. दुकानातली चिकित्सक बुद्धी शोरूममध्येही बरोबर नेली, तर योग्य गाडी निवडणे अवघड नाही.

आधी वापर, मग गाडी

पहिला प्रश्न गाडीविषयी नसून कुटुंबाच्या दिनक्रमाविषयी आहे. बाजारपेठेतील एक सर्वसाधारण घर डोळ्यांसमोर आणावे. आजी-आजोबा, मुलगा-सून, दोन नातवंडे. गाडी रोज घरापासून मार्केट यार्डापर्यंत जाते, मध्ये शाळा आणि बँक होते. महिन्यातून एकदा खरेदीसाठी मुंबई किंवा पुणे, वर्षातून एक-दोनदा कुंथलगिरी, बाहुबली अथवा पालिताण्याची यात्रा, आणि लग्नसराईतील प्रवास. दिवसाला सरासरी 30 किलोमीटर आणि वर्षाचे 300 दिवस धरले, तर 9,000 किलोमीटर होतात. बाहेरगावचे 3,000 मिळविले की वर्षाला 12,000. पंधरा वर्षांत ही बेरीज 1,80,000 किलोमीटरवर जाते. वेळेवर तेलपाणी झालेले आजचे चांगले इंजिन एवढे अंतर सहज पार करते. तेव्हा ‘पंधरा वर्षे चालेल अशी गाडी’ ही मागणी अवास्तव नाही.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. तीन-चतुर्थांश प्रवास गावातला, थांबत-थांबत होणारा आणि छोट्या अंतराचा आहे. वर्षातील चार यात्रांसाठी गाडी निवडायची आणि उरलेले तीनशे दिवस तिची गैरसोय सोसायची, हा उलटा व्यवहार होय.

डिझेलचा जुना विश्वास आणि नवी अडचण

‘एसयूव्ही म्हणजे डिझेल’ हे समीकरण व्यापारी वर्गात खोल रुजलेले आहे. 2000 साली आलेली बोलेरो, 2002 मधील स्कॉर्पिओ, 2005 मधील इनोव्हा या गाड्यांनी तो विश्वास कमावला आहे. परंतु 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 हे प्रदूषण-मानक लागू झाले आणि डिझेल गाडीच्या धुराच्या मार्गात काजळी अडविणारा एक फिल्टर आला. त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी उच्च तापमानावर जाळून हा फिल्टर स्वतःला स्वच्छ करतो. त्यासाठी गाडी काही काळ सलग, चांगल्या वेगाने धावावी लागते. रोज चार किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीत हे तापमान मिळत नाही; काजळी साचते, इशाऱ्याचा दिवा लागतो आणि फिल्टर पार तुंबला तर दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. म्हणून जो दर आठवड्याला महामार्गावर दीड-दोनशे किलोमीटर जातो, त्याला डिझेल आजही शोभते. ज्याची गाडी घर आणि पेढी यांच्यामध्येच फिरते, त्याने डिझेलचा मोह आवरावा.

अशा घरासाठी साधे, टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन हा सर्वांत निर्धोक मार्ग होय. त्यात ताकद थोडी कमी, पण बिघडण्याजोगे भागही कमी. ह्युंडाई क्रेटा, मारुती ग्रँड विटारा, टोयोटा हायरायडर या गाड्यांत 1.5 लिटरचे असे इंजिन मिळते. टर्बो इंजिन वाईट नव्हे; त्याला योग्य प्रतीचे तेल ठरल्या वेळी बदलण्याची शिस्त अधिक लागते, एवढे ध्यानात ठेवावे.

तिसरा मार्ग स्ट्राँग हायब्रिडचा. गावातल्या संथ रहदारीत ही गाडी बराच वेळ विजेवर चालते. ब्रेक लावताना वाया जाणारी शक्ती बॅटरीत परत साठविते. टोयोटाच्या रचनेत नेहमीच्या अर्थाने क्लच नाही, पट्ट्यावर चालणारा गिअरबॉक्स नाही, त्यामुळे झिजणारे भाग मोजकेच. मारुती आणि टोयोटा या दोन्ही कंपन्या हायब्रिड बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर इतकी देतात. मात्र किमतीचा फरक वहीत मांडून पाहावा. वर्षाला 12,000 किलोमीटर, साध्या पेट्रोल गाडीचे मायलेज 12 आणि हायब्रिडचे 20 धरले, तर अनुक्रमे 1,000 आणि 600 लिटर पेट्रोल लागते. वाचलेल्या 400 लिटरचे, लिटरला 105 रुपये धरून, वर्षाला 42,000 रुपये होतात. दोन प्रकारांच्या किमतीत चार लाखांचा फरक असेल, तर तो फिटायला साडेनऊ वर्षे लागतील. पाच वर्षांत गाडी बदलणाऱ्याला हायब्रिड परवडणार नाही. पंधरा वर्षे ठेवणाऱ्याला परवडेल.

विजेच्या गाड्यांचा रोजचा खर्च सर्वांत कमी, हे खरे. पण आपल्याकडील विजेवरच्या एसयूव्हींचा मोठा प्रसार 2020 मध्ये आलेल्या नेक्सॉन ईव्हीपासून झाला. पंधरा वर्षांचा भारतीय अनुभव अद्याप कोणापाशीच नाही. घरात दुसरी गाडी असेल आणि स्वतःच्या जागेत चार्जिंगची सोय असेल, तर गावातल्या फेऱ्यांसाठी तिचा विचार अवश्य करावा.

गिअर, ढाचा आणि आजीचे गुडघे

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या नावाखाली वेगवेगळी यंत्रे विकली जातात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. टॉर्क कन्व्हर्टर हा जुना, दणकट आणि बहुतांशी निर्धास्त प्रकार. सीव्हीटी गावात मऊ चालते. तिचे तेल मात्र वेळेवर बदलावे लागते. दोन क्लचच्या प्रकारात, विशेषतः कोरड्या क्लचमध्ये, उन्हाळ्याच्या गर्दीत इंच-इंच पुढे सरकताना क्लच तापतो. दीर्घकाळ गाडी ठेवणाऱ्याने विक्रेत्याला प्रकार नावानिशी विचारावा. ‘ऑटोमॅटिक आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये.

ढाच्याचेही दोन प्रकार आहेत. स्कॉर्पिओ, बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा यांचे शरीर स्वतंत्र पोलादी चौकटीवर बसविलेले असते. खडबडीत रस्ते आणि जड ओझे यांना ते उत्तम. क्रेटा, एक्सयूव्ही 700, सफारीचा 2021 नंतरचा अवतार आणि इनोव्हा हायक्रॉस यांत चौकट व शरीर एकसंध असते. त्या तुलनेने हलक्या आणि वळणांवर अधिक स्थिर. ज्यांची शेती किंवा खाण दुर्गम भागात आहे, त्यांना पहिला प्रकार हवा. इतरांना दुसरा पुरेसा आहे, आणि त्यात चढ-उतार करणेही सहसा सोपे जाते.

या शेवटच्या मुद्द्याकडे फार दुर्लक्ष होते. गाडी पाहायला मुलगा आणि नातू जातात. रोज मंदिरात जाण्यासाठी तिच्यात चढायचे असते आजीला. म्हणून निर्णयापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला शोरूममध्ये न्यावे आणि तिला तीन वेळा चढू-उतरू द्यावे. मधल्या रांगेत दोन स्वतंत्र आसने असतील तर तिसऱ्या रांगेत जाणे सुकर होते. सलग बाक असेल तर एक माणूस जास्त बसतो. कोणती गरज मोठी, हे घराने ठरवावे.

कंपनी टिकेल का?

गाडी पंधरा वर्षे टिकायची, तर कंपनीही तेवढी टिकली पाहिजे. जनरल मोटर्सने 2017 मध्ये भारतातील शेव्हरोलेची विक्री थांबविली. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. एकोस्पोर्ट आणि एन्डेव्हर या तिच्या गाड्या अनेकांच्या आवडत्या होत्या. सेवा चालू ठेवण्याचे आश्वासन मिळाले, तरी पंधरा वर्षांच्या हिशेबाने गाडी घेतलेल्या मालकाची धाकधूक वाढलीच. यावरून इतकाच बोध घ्यावा की, नव्या कंपनीच्या नव्या गाडीपेक्षा जिचे इंजिन चार-पाच वर्षे बाजारात रुळले आहे, जिचे सर्व्हिस सेंटर आपल्याच गावात किंवा तासाभराच्या अंतरावर आहे आणि जिचे काम बाहेरचा मिस्त्रीही जाणतो, ती गाडी बरी. गावातील दोन टॅक्सीमालक आणि एक जुना मिस्त्री यांच्याशी अर्धा तास बोलावे. जाहिरातीपेक्षा ते अधिक सांगतील.

खातेवहीतील गाडी

‘गाडी फर्मच्या नावावर घेऊ, जीएसटी परत मिळेल’ हा समज अजून प्रचलित आहे. तो चुकीचा आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 17(5) नुसार, चालकासह तेरापर्यंत आसने असलेल्या प्रवासी वाहनावरील कराची वजावट सर्वसाधारण व्यापाऱ्याला मिळत नाही. गाड्यांची विक्री, प्रवासी वाहतूक किंवा वाहन-प्रशिक्षण हाच व्यवसाय असेल तर गोष्ट वेगळी. आयकरात धंद्यासाठी वापरलेल्या गाडीवर सर्वसाधारणपणे 15 टक्के घसारा मिळतो, पण ती त्या आर्थिक वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर निम्माच. म्हणजे दिवाळीच्या मुहूर्तावर आलेल्या गाडीला त्या वर्षी साडेसात टक्के. शिवाय महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरील गाडीला वाहनकर जास्त पडतो. या तिन्ही गोष्टी सनदी लेखापालाकडून तपासून मगच नाव ठरवावे.

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले आहेत. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोल 1,200 सीसी किंवा डिझेल 1,500 सीसीपर्यंतच्या गाडीवर 18 टक्के, त्याहून मोठीवर 40 टक्के. चौघांच्या कुटुंबाला छोटी एसयूव्ही पुरत असेल, तर हा फरक डोळ्याआड करू नये.

कर्जाचेही तसेच. पंधरा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 31,140 रुपये आणि एकूण व्याज 3.68 लाख. तेच सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता 24,130 वर उतरतो, व्याज मात्र 5.27 लाखांवर चढते. हप्ता लहान दिसला म्हणून गाडी स्वस्त होत नाही. धंद्यात खेळते भांडवल कमी पडत असताना ते गाडीत अडकविणे, हे तर कोणत्याही पेढीच्या रीतीत बसत नाही.

गाडी किती वर्षे ठेवावी, याचाही हिशेब मांडता येतो. समजा, अठरा लाखांची गाडी पाच वर्षांनी निम्म्या किमतीला विकली. घट नऊ लाख, म्हणजे वर्षाला 1.80 लाख. तीच गाडी पंधरा वर्षे ठेवली, शेवटच्या दहा वर्षांत दरसाल 30,000 रुपये जादा दुरुस्तीला घातले आणि अखेरीस दीड लाखाला दिली, तर वर्षाचा भार 1.30 लाख. पन्नास हजारांचा हा वार्षिक फरक पंधरा वर्षांत साडेसात लाख होतो. तेवढ्यात एका नातवाच्या शिक्षणाला चांगला हातभार लागतो.

जिवाची किंमत

टिकाऊपणाच्या विचारात सुरक्षितता मागे पडू नये. 1 ऑक्टोबर 2023 पासून भारत एनकॅप ही देशाची स्वतःची धडक-चाचणी सुरू झाली आहे. प्रौढांसाठीचे आणि मुलांसाठीचे तारे वेगवेगळे दिले जातात, दोन्ही पाहावेत. घसरती गाडी सावरणारी ईएससी यंत्रणा आणि सहा एअरबॅग असलेला प्रकार घ्यावा, त्यासाठी छताची काच सोडावी लागली तरी चालेल.

मात्र तारे कितीही असोत, पट्टा बांधल्याखेरीज ते व्यर्थ आहेत. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यातील सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी गेले. ते दोघेही मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी महागडी आणि नामवंत बनावटीची होती. आपल्याकडे मागे बसलेला माणूस पट्टा बांधणे कमीपणाचे मानतो, आणि सात आसनांत नऊजण बसविणे हा घरोब्याचा भाग समजतो. ही सवय गाडीबरोबरच बदलावी.

काही घरगुती बाबी

आसनांचे आवरण विचारून घ्यावे. ‘लेदरेट’ कृत्रिम असते. पण वरच्या प्रकारांत स्टिअरिंगवर किंवा गिअरच्या मुठीवर खरे चामडे असण्याची शक्यता असते. ज्या घरात चामडे वर्ज्य आहे, त्यांनी लेखी खुलासा मागावा किंवा कापडी आसनांचा प्रकार घ्यावा. आपल्या उन्हाळ्यात कापडच सुखाचे असते.

धान्याच्या आडतीजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीला उंदरांचा उपद्रव फार. तारा कुरतडल्या की आजच्या गाडीचा खर्च हजारांत जातो. त्यावर विष हा उपाय अहिंसक घराला रुचणार नाही, आणि त्याची गरजही नाही. गाडीत खाऊचा कण न ठेवणे, पोत्यांच्या थप्पीपासून ती दूर लावणे, दोन-तीन दिवसांत एकदा हलविणे आणि खालून जाळी बसविणे, एवढ्याने बहुतेक त्रास टळतो. हायब्रिड गाडीत मागच्या आसनापाशी बॅटरीला हवा देणारी झडप असेल, तर तिच्यावर पिशव्या ठेवू नयेत.

तेल दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल तेव्हा बदलावे. प्रत्येक बिल एका फाइलमध्ये लावावे. पंधरा वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी नूतनीकरणास येते, तेव्हा तपासणीत टिकणारी गाडी कोणाची, हे त्या फाइलच्या जाडीवरून आधीच सांगता येते. पाडव्याला नव्या वहीचे पूजन करणाऱ्या घराला ही नोंद ठेवणे जड जाऊ नये.