धर्माला चॉकलेटची अट नको



"पाठशाळेत जा, मग चॉकलेट." "एक माळ कर, मग मोबाइल." "दंगा केलास तर महाराजांकडे नेऊन बसवीन." ही वाक्यं आपल्या घराघरांत ऐकू येतात. आणि आपणच विचारतो, मुलांना धर्माची गोडी का नाही? स्पष्टच बोलते, ही नावड आपणच शिकवतो.

गोडाची आवड उपजत असते. बाकी बऱ्याच आवडीनिवडी संगतीने लागतात. लेव्ही आणि मार्टिन या संशोधकांनी १९७५ मध्ये हेच दाखवलं. ना आवडती, ना नावडती अशी चित्रं आवडत्या चित्रांसोबत पुन्हापुन्हा दाखवली, तर तीही आवडू लागतात. नावडत्यांसोबत दाखवली, तर नकोशी होतात. महाराजांचं नाव धाकासोबत घेतलं की मुलाच्या मनात काय बसणार, ते वेगळं सांगायला नको.

"मग चॉकलेटच्या संगतीने पाठशाळाही आवडेल की!" असं कुणी म्हणेल. गफलत इथेच आहे. संगत वेगळी, अट वेगळी. अमेरिकेत लिअ‍ॅन बर्च आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये लहान मुलांना 'हे पेय प्यालात तर बक्षीस' असं सांगून पाहिलं. पेयाची आवड वाढली नाही, उलट कमी झाली. अट घातली की मूल समजतं, ही सोसायची गोष्ट. गोड ते पुढे आहे.

आपल्या शास्त्रात नऊ नोकषाय सांगितले आहेत. त्यांत रति आणि अरति आहेत. चॉकलेटची रति आणि जपाची अरति आपण आपल्या हातांनी पेरतो, तीही राग-द्वेष सोडायला शिकवणाऱ्या पाठशाळेच्या दारात!

"बक्षिसाशिवाय मुलं येतच नाहीत," हे उत्तर मला मान्य नाही. प्रभावनेला माझा विरोध नाही. गाथा पाठ असो वा नसो, ती सगळ्यांना मिळते. विरोध सौद्याला आहे.

झोपताना मुलाला कुशीत घेऊन णमोकार म्हणा. चौविहाराच्या दिवशी सूर्यास्ताआधी सगळे एकत्र बसा, त्याच्या आवडीची भाजी करा, हसतखेळत जेवा. मायेच्या संगतीत धर्म मुलाला आपला वाटेल.

या चातुर्मासात एक नियम घेऊ या. धर्माच्या बाबतीत 'केलंस तर देईन' म्हणायचं नाही, आणि 'नाही केलंस तर बघ' हे तर मुळीच नाही.