गिअरबॉक्स मालकाचा, धूर गावाचा

बँकेचे तारण सुटे होऊन जमिनीवर पडलेले पाहण्याचा योग फार अधिकाऱ्यांच्या वाट्याला येत नसावा. माझ्या वाट्याला तो १९८९ साली आला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या उसाच्या पट्ट्यात एका शाखेवर मी फील्ड ऑफिसर होतो. एका ट्रकमालकाचे तीन हप्ते थकले होते, म्हणून वाहनाची पाहणी करायला मी मोटारसायकल काढून त्यांच्या वस्तीवर गेलो. चिंचेखाली त्यांचा जुना टाटा १२१० उभा होता. केबिनच्या दोन्ही दारांतून आरपार एक जाड वासा घातलेला, वाशाला चेनब्लॉक लटकावलेला, आणि साखळीच्या खालच्या टोकाला, पोत्यांच्या थप्पीवर, गिअरबॉक्स! शेजारी एका जर्मनच्या पातेल्यात सारे बोल्ट रॉकेलमध्ये भिजत होते. आरसी बुकावर आमच्या बँकेचा बोजा नोंदवलेली ती मालमत्ता होती. माझ्या पोटात गोळा आला.

"अहो, हे काय केलंत?" मी विचारले.

"क्लच घसरत हुता साहेब. इंजिन नुसतं वरडायचं, गाडी जाग्यावर. सीझनच्या आत उरकून टाकतोय."

"आणि परत बसवता येईल ना?"

"खोलताना बगितलंय की सगळं. जसं निघालं तसंच बसणार."

शहरातल्या वर्कशॉपने मजुरीचा जो आकडा सांगितला होता तो दोन हप्त्यांना पुरला असता, शिवाय आठ दिवस नंबर लागणार नव्हता. कारखान्याचे धुराडे पेटायला तीन आठवडे उरले होते. तेव्हा हे गृहस्थ आणि त्यांचा मेहुणा असे दोघेच कामाला लागले होते. माझी भीती पाहून त्यांनी मला खाली बसवले आणि सगळे समजावून सांगितले. आधी चाकांना दगड लावायचे. जॅकवर कधीही विसंबायचे नाही, खाली लाकडी ठोकळे हवेतच. मग बॅटरीची वायर सोडायची, गिअर ऑइल काढून घ्यायचे, प्रोपेलर शाफ्ट सोडवून बाजूला ठेवायचा, गिअरचा दांडा आणि क्लचची जोडणी मोकळी करायची. इंजिनाच्या मागच्या बाजूला आधार दिल्यावरच बेल हाउसिंगचे बोल्ट काढायचे. आणि मुख्य गोष्ट म्हणजे गिअरबॉक्स सरळ मागे ओढायचा, अर्ध्यात लोंबकळू द्यायचा नाही. तसे झाले तर त्याचे सगळे वजन पुढच्या शाफ्टवर येते आणि क्लचप्लेट वाकते. बसवताना नवी प्लेट बरोबर मध्यावर यावी लागते, म्हणून एक जुना शाफ्ट त्यांनी 'डमी' म्हणून मागून आणला होता.

मला सर्वांत नवल वाटले ते त्यांच्या कानाचे. क्लच दाबल्यावर जो आवाज येतो तो रिलीज बेअरिंगचा, आणि गाडी न्यूट्रलमध्ये असताना येणारा, पण क्लच दाबताच थांबणारा आवाज बहुधा गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगचा, हे त्यांनी मला त्या दिवशी शिकवले. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक लोखंडाला आणि मूठ कानाला लावून ते डॉक्टरसारखे ऐकत. गाडी खोलण्याच्या आधीच त्यांनी रिलीज बेअरिंग आणून ठेवले होते.

पाहणी अहवालात मी लिहिले, 'वाहन दुरुस्तीखाली. कर्जदार दुरुस्ती स्वतः करण्यास समर्थ.' व्यवस्थापकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि हे वाक्य कोणत्या रकान्यात बसते असे विचारले. ते कोणत्याच रकान्यात बसत नव्हते. १९६९च्या राष्ट्रीयीकरणानंतर छोट्या वाहतूकदारांना अग्रक्रम क्षेत्र म्हणून आम्ही कर्जे दिली, जामीनदार पाहिले, विमा पाहिला. पण गाडी बंद पडली तर या माणसाला ती खोलता येते का, हे कधी विचारले नाही. त्या हंगामात तिन्ही हप्ते वसूल झाले. खरे तारण ट्रक नव्हता, ट्रक खोलणारे हात होते, हे मला त्या निमित्ताने कळले.

गोष्ट इथेच संपती तर हा लेख स्वावलंबनाच्या स्तुतीवर संपवता आला असता. पण पुढच्याच वर्षी त्यांनी सायलेन्सर मोकळा केला. म्हणजे गॅसकटरने कापून आतल्या जाळ्या आणि नळ्या काढून टाकल्या आणि नुसता पोकळ डबा परत जोडला. शाखेसमोर गाडी उभी करून ते आत आले आणि म्हणाले, "ऐकलासा का साहेब? आता गाडी मोकळा श्वास घेतीया." ऐकले नव्हते असे कसे म्हणणार? आमच्या रोखपालाची हातातली नोटांची मोजणी चुकली होती आणि पलीकडच्या शाळेतल्या बाई फळ्याकडे पाठ करून थांबल्या होत्या.

पुढे मी चार जाणत्या मिस्त्रींना विचारले, थोडे वाचलेही. सायलेन्सर आतून गंजला आणि काजळीने तुंबला तर इंजिनाला धूर बाहेर ढकलायला जास्त जोर लागतो हे खरे. पण त्यावर उपाय म्हणजे त्याच मापाचा, चांगला सायलेन्सर बसवणे. धूर बाहेर पडायची वाट मोकळी केली म्हणून इंजिनाला जास्त डिझेल मिळत नाही. ते किती मिळायचे हे पंप ठरवतो. तेव्हा त्या जुन्या साध्या इंजिनात वाढते ती मुख्यतः गर्जना, आणि गर्जनेला आपण ताकद समजतो. मग ताकद वाढली नाही हे लक्षात आले की माणूस पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवतो. मिळणाऱ्या हवेच्या मानाने डिझेल जास्त झाले की ते पुरते जळत नाही आणि काळा धूर होऊन बाहेर पडते. म्हणजे पैसे मोजून घेतलेले डिझेलच लोकांच्या नाकात जाते. आमच्या कर्जदारांनीही पुढे तेच केले. त्या काळी याला कोणी चूक म्हणत नव्हते. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने निश्चित कर्ककारकांच्या यादीत घातले ते २०१२ साली.

एकाच माणसाने, त्याच चिंचेखाली, त्याच पान्यांनी केलेली ही दोन कामे. पण माझ्या मते त्यांच्यामध्ये एक ठळक रेघ आहे. क्लच बिघडला तर तोटा मालकाचा. गिअरबॉक्स नीट बसला नाही तर खोळंबतो तोही मालकच. सायलेन्सरचे तसे नाही. त्यातून जे बाहेर पडते ते गाडीत राहत नाही, गावात जाते. कायद्यालाही ही रेघ दिसते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीशी विसंगत ठरणारा फेरफार करू देत नाही. पण त्याच जातीची नवी क्लचप्लेट घालणे हा फेरफार नव्हे, ती दुरुस्ती आहे. उलट १९८९च्या केंद्रीय नियमांतील १२० क्रमांकाचा नियम प्रत्येक मोटारवाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवाच म्हणतो.

आज ही रेघ नेमकी उलट्या बाजूने पुसली जात आहे. त्या कर्जदारांचा मुलगा आता नवा ट्रक चालवतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ मानके लागू झाली. डिझेलमधले गंधक दहा लाख भागांत ५० भागांवरून १० भागांवर आले, ट्रकांना काजळी अडवणारी गाळणी आली, नायट्रोजनचे विषारी वायू मारणारी युरियाची टाकी आली. हे सगळे चांगलेच झाले, आणि त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. गेल्या वर्षी त्याच्या गाडीचा पिवळा दिवा लागला आणि गाडीने जोर टाकला. बिघाड एका सेन्सरच्या वायरचा होता, हे चार दिवसांनी कळले. तोवर गाडी अधिकृत वर्कशॉपच्या दारात उभी होती, कारण बिघाडाचा संकेत वाचणारे यंत्र त्यांच्याकडेच होते. वायर जोडायला अर्धा तासही लागला नाही. चार दिवसांचे भाडे बुडाले. हप्ता मात्र थांबला नाही. हप्ता थांबत नसतो, हे मी आयुष्यभर त्याच खुर्चीत बसून लोकांना सांगत आलो आहे.

ज्याला आपली गाडी खोलता येत नाही तो कागदावर मालक असतो, व्यवहारात भाडेकरू असतो.

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले असते. यंत्रणा सर्वांना खुली केली तर लोक धुराच्या बंदोबस्ताशीच खेळ करतील. ही भीती खोटी नाही. अमेरिकेत हौशी लोक जुन्या पिकअप ट्रकचा गिअरबॉक्स घरच्या गॅरेजात उतरवतात आणि त्याच सपाट्यात धुराची यंत्रणाही काढून फेकतात. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० साली काढलेल्या अंदाजानुसार, मागच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधून ती यंत्रणा काढली गेली होती. पण एका खोलीत चोरी होते म्हणून सगळ्या घराला कंपनीचे कुलूप लावायचे का? धुराच्या यंत्रणेचा प्रोग्रॅम बदलण्याला खुशाल कुलूप घाला. बिघाडाचा संकेत वाचू द्या, क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक आणि वायरिंगचे नकाशे द्या.

आपल्याकडे या प्रश्नाला तोंड फुटले आहे. स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटारकंपन्यांना मिळून सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजवाल्यांना खुल्या बाजारात मिळू दिली जात नव्हती, हा त्यातला मुख्य आक्षेप. ते प्रकरण पुढे अपिलांत गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि तिच्या विषयांत शेतीची अवजारे व मोटारी दोन्ही घेतल्या. पण हक्क म्हणजे संकेतस्थळावर ग्राहक सेवेचा फोन नंबर मिळणे नव्हे. तालुक्याच्या मिस्त्रीला रास्त किमतीत तपासणी यंत्र मिळाले पाहिजे, दुरुस्तीची पुस्तिका मराठीत मिळाली पाहिजे, आयटीआयच्या पोराला जुन्या इंजिनाबरोबर नवी गाळणीही उघडून दाखवली पाहिजे. आणि बँकांनी गाडीच्या कर्जाबरोबर दुरुस्तीसाठी छोटी उचल मंजूर करून ठेवायला काय हरकत आहे? अडलेला मालक आज ती सावकाराकडून घेतोच. दुसऱ्या बाजूला, सायलेन्सर फोडणाऱ्याला आणि गाडी न पाहता पीयूसीचा कागद देणाऱ्याला दयामाया नको.

मुलाच्या ट्रकची हकीकत मला कळली ती त्या जुन्या कर्जदारांना भेटायला गेलो तेव्हा. आता ते पंचाहत्तरीच्या घरात आहेत. मी अंगणात उभा राहून दोनदा हाक मारली. मुलगा आतून म्हणाला, "जोरात बोला साहेब, आबांना ऐकू येत नाही." मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम केले की कान जातो, आणि तो परत येत नाही. त्यांचा कान वयाने गेला, इंजिनाने गेला की त्या पोकळ डब्याने, हे कोणता डॉक्टर सांगणार? मी विचारलेही नव्हते. चहा पिताना ते आपणहून म्हणाले, "साहेब, गिअरबॉक्स चार येळा उतरवला, कधी चुकलो न्हाई. ती सायलेन्सरची मात्र चूक झाली."

मग मुलाचा ट्रक सुरू झाला तसे ते उठले आणि सवयीने कान पुढे करून उभे राहिले. थोड्या वेळाने मला विचारले, "आवाज बरोबर हाय न्हवं?"

मी हो म्हणालो. मला त्यातले काय कळते?